मदतीचा लगाम

१८ मे १९७४. पोखरणमध्ये भारतानं अणुचाचणी केली आणि वॉशिंग्टनला धास्ती पडली, आता पुढचा कोण? अमेरिकी काँग्रेसनं हत्यार निवडलं ते परकीय मदतीचं. १९७६ च्या सिमिंग्टन दुरुस्तीनं सांगितलं : पूर्ण आंतरराष्ट्रीय तपासणी न स्वीकारता युरेनियम समृद्धीकरणाची, म्हणजे ते बॉम्बलायक करू शकणारी यंत्रं आणाल, तर आर्थिक आणि लष्करी मदत बंद.

याचा फटका बसला पाकिस्तानला. तिथल्या कहुटा इथे सेंट्रिफ्यूज, म्हणजे अशीच समृद्धीकरणाची यंत्रं, उभी राहत होती. एप्रिल १९७९ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी मदत तोडली.

डिसेंबरात सोव्हिएत फौजा शेजारच्या अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकेला पाकिस्तानची गरज पडली. कार्टर यांनी घाईनं देऊ केलेले ४० कोटी डॉलर पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया-उल-हक यांनी ‘शेंगदाणे’ म्हणून झिडकारले. १९८१ मध्ये रेगन सरकारनं ३२० कोटी डॉलरची मदत ठरवली, शिवाय एफ-१६ विमानं विकायची तयारी दाखवली. सिमिंग्टन दुरुस्तीतून सूट मिळाली. कहुट्यातलं काम सुरूच राहिलं.

१९८५ मध्ये प्रेसलर दुरुस्ती आली. पाकिस्तानकडे अण्वस्त्र नाही, असं राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लेखी द्यायचं, तरच मदत. १९८९ पर्यंत ते दरवर्षी मिळालं. त्याच वर्षी फेब्रुवारीत शेवटची सोव्हिएत तुकडी अफगाणिस्तानातून परतली होती. ऑक्टोबर १९९० मध्ये थोरल्या बुश यांनी तसं लिहून द्यायला नकार दिला.

 ज्या काळात मदत तोडण्याचा हा धाक खरोखर उपयोगी पडला असता, नेमका त्याच काळात तो गुंडाळून ठेवला गेला. पैसे भरलेली २८ एफ-१६ विमानं पाकिस्तानला मिळाली नाहीत, पण बॉम्बचं तंत्र तोवर हाती आलं होतं.

असा दबाव चालतच नाही, असं नाही. सत्तरच्या दशकात दक्षिण कोरियानं फ्रान्सकडून प्लुटोनियम (बॉम्बसाठी लागणारं दुसरं द्रव्य) वेगळं काढण्याचा प्रकल्प घेण्याचा बेत अमेरिकेच्या सांगण्यावरून सोडला. पण त्या देशाच्या संरक्षणासाठी अमेरिकी सैन्य तिथेच उभं होतं, आणि ते गमावणं सोलला परवडणारं नव्हतं.

मे १९९८ मध्ये भारतानं आणि मागोमाग पाकिस्ताननं चाचण्या केल्या. दोघांवरही निर्बंध आले. जुलैतच शेतमालाला त्यातून वगळलं गेलं, कारण अमेरिकी शेतकऱ्यांचा गहू अडणार होता. सप्टेंबर २००१ मध्ये, न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, चाचण्यांबद्दलचे उरलेले निर्बंधही उठले. अमेरिकेला आता अफगाणिस्तानात जायचं होतं, आणि वाट पाकिस्तानातून जात होती.