सुईत काय आहे?

(दृश्य : हरसूलकडे जाणारा रस्ता. भाताची खाचरं, उतारावर चरणारी डांगी गुरं.)

त्र्यंबकेश्वर मागे पडलं की द्राक्षांचं नाशिक संपतं. पुढे भात, नागली, वरई आणि डांगी गुरं. या गुरांच्या कातडीतून तेलकट स्राव पाझरतो, म्हणून महिनोन्महिने पावसाची धार अंगावर घेऊनही ती टिकतात. आणखी पुढे गेलं की गुजरातची हद्द.

हरसूल वनपरिक्षेत्रातलं खोरीपाडा याच पट्ट्यात येतं. इथे वनविभागाने गावकऱ्यांना बरोबर घेऊन गिधाडांसाठी जेवणाची जागा केली. पेपरवाल्यांनी तिला ‘गिधाडांचं उपाहारगृह’ म्हटलं. रीत साधी आहे. गावात जनावर मेलं की निरोप जातो. ते ओढ्यात लोटून न देता ठरलेल्या उघड्या माळावर नेऊन ठेवायचं. माळ उघडाच लागतो, कारण पोटभर खाल्लेल्या गिधाडाला उडण्याआधी धाव घ्यावी लागते. झाडीत ते अडकतं.

(दृश्य : अंजनेरीचा कडा. कपारीखाली विष्ठेचे पांढरे ओघळ.)

नाशिककडच्या डोंगरांत गिधाडांच्या प्रामुख्याने दोन जाती दिसतात. पांढऱ्या पाठीचं गिधाड उंच झाडावर घरटं करतं, तर लांब चोचीचं कड्याच्या कपारीत. अंजनेरीला २०१७ साली संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यात या कड्यांवरच्या गिधाडांचाही वाटा आहे. दोन्ही जातींची मादी वर्षाला एकच अंडं घालते. म्हणजे एक पक्षी मेला, तर ती जागा भरून यायला वर्षं लागतात.

गिधाडाबद्दल आपल्याकडे दोनच टोकं. इगतपुरी तालुक्यात टाकेदला जटायूचं तीर्थ आहे, तिथे आपण हात जोडतो. आणि कुणी लुबाडलं की ‘गिधाडासारखे तुटून पडले’ म्हणतो. मधल्या मध्ये हा पक्षी रोज नेमकं काय करत होता, हे तो नाहीसा झाल्यावर कळलं.

(दृश्य : जुनी छायाचित्रं. मेलेल्या बैलावर उतरलेला थवा.)

१९९० नंतर राजस्थानात भरतपूरला बीएनएचएस या पक्षी-वन्यजीवांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेचे डॉ. विभू प्रकाश यांना झाडांवर माना टाकून बसलेली गिधाडं दिसू लागली. मग ती मरायला लागली. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडं देशात हजारात एक उरली. लांब चोचीची शंभरात तीन. एवढ्या वेगाने एखादा पक्षी संपत जाणं जगातही क्वचितच पाहायला मिळालंय.

कारण सापडलं २००४ साली, पाकिस्तानात. मेलेल्या गिधाडांच्या पोटात आतल्या अवयवांवर पांढरा थर साचलेला होता. मूत्रपिंडं निकामी झाली की युरिक अॅसिड असं साचतं. आणि मूत्रपिंडं निकामी करणारं होतं डायक्लोफेनॅक. आपण गुडघेदुखीला घेतो ते. जनावराला ते टोचलं आणि जनावर दोन-तीन दिवसांत दगावलं, तर मांसात उरलेला अंश गिधाडाला पुरतो. अभ्यासकांनी गणित मांडलं, तेव्हा शंभर मेलेल्या जनावरांपैकी एकातही हे औषध असण्याची गरज निघाली नाही. त्याहून कमी प्रमाणही अख्ख्या जातीला संपवायला पुरेसं होतं, कारण एका बैलावर डझनावारी गिधाडं जेवतात.

(दृश्य : गोठा. बसून राहिलेला बैल, शेजारी धनी.)

आता जरा या माणसाच्या जागी उभे राहा. चिखलणी तोंडावर आलेली, आवणी डोक्यावर आणि बैल उठत नाही. तो पशुवैद्यकाला एवढंच सांगणार, “काहीही द्या, पण उभा करा.” सुई कुठली, हे तो विचारत नाही आणि आजवर ते कुणी त्याला शिकवलंही नव्हतं. औषध स्वस्त होतं, गुण लगेच येत होता. त्याला दोष देऊन काय मिळणार?

सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. पळवाट उरली. माणसांसाठीची मोठी बाटली दुकानात मिळायची आणि ती गोठ्यात पोहोचायची. २०१५ मध्ये त्या बाटलीचा आकार तीन मिलिलिटरवर आणला. एका बैलासाठी अशा किती कुप्या फोडाव्या लागतील, विचार करा. २०२३ मध्ये केटोप्रोफेन आणि असेक्लोफेनॅक ही आणखी दोन वेदनाशामकंही जनावरांसाठी बंद झाली. असेक्लोफेनॅक जनावराच्या शरीरात जाऊन डायक्लोफेनॅकच होतं, तरी ते थांबवायला आपल्याला इतकी वर्षं लागली. पर्याय म्हणून मेलोक्सिकॅम आहे. तेही वेदना कमी करतं आणि गिधाडाला त्याने धोका होत नाही. सगळा फरक या एका नावाचा आहे.

(दृश्य : गावाबाहेरचा उकिरडा, भटकी कुत्री.)

गिधाडं गेली, तरी जनावरं मरायची थांबली नाहीत. गिधाडांचा थवा बैलाची हाडं तासाभरात मोकळी करायचा. आता तोच बैल ओढ्याकाठी दिवसेंदिवस कुजतो. त्यावर कुत्री पोसतात. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी जवळजवळ सगळ्या घटनांमागे कुत्र्याचा चावा असतो आणि लक्षणं दिसू लागल्यावर या आजारातून बहुधा कुणी वाचत नाही. चावा लागला की जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखाना गाठायचा. हळद, मिरची, चुना जखमेला लावू नका.

इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये हिशेब प्रसिद्ध केला. गिधाडं जिथे पूर्वी भरपूर होती, ते जिल्हे त्यांनी इतर जिल्ह्यांशी ताडून पाहिले. २००० ते २००५ या काळात देशात सुमारे पाच लाख जादा मृत्यू, असा त्यांचा अंदाज आहे. कुत्री आणि सडलेल्या मांसाने बिघडलेलं पाणी, दोन्ही त्यात आलं.

कुत्र्यांमागे बिबट्या येतो. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा, वजनाने सुमारे ३९ टक्के, पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला. निफाड-सिन्नरच्या उसात बिबट्या दिसला की आपण पिंजरा मागतो. गावाबाहेर मेलेली जनावरं कुठे टाकतात, हे सहसा कुणी विचारत नाही.

(दृश्य : माळावर ठेवलेलं मृत जनावर. कुंपणाबाहेर कुत्री.)

म्हणून खोरीपाड्यासारख्या जागेचं काम फक्त पक्ष्याला जेवू घालण्याचं नाही. माळावर जनावर नेण्याआधी चौकशी लागते. शेवटच्या आठवड्यात कुठली सुई दिली? नाकातोंडातून न गोठणारं काळसर रक्त येतंय का? येत असेल तर काळपुळीचा (अँथ्रॅक्सचा) संशय. त्या जनावराला चिरायचं नाही, हलवायचंही नाही. शरीर उघडलं की त्या जंतूंचे बीजाणू तयार होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. तिथे पशुवैद्यकाला बोलवायचं आणि जनावर चुना टाकून खोल पुरायचं. ही चौकशी माणसांच्या आणि गुरांच्या आरोग्याची आहे, गिधाडाला तिचा फायदा ओघाने मिळतो. मोठ्या भाषेत याला ‘वन हेल्थ’ (One Health), म्हणजे माणूस, जनावर आणि निसर्ग यांचं एकच आरोग्य, म्हणतात. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात याच विषयाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी झाली. पाड्यावर तो शब्द माहीत नसला तरी अडत नाही.

अडतं दुसरीकडे. २०२२ मध्ये गुरांचा लम्पी रोग आला आणि दगावलेली जनावरं खोल पुरण्याची सूचना आली. ती योग्यच होती, पण अशा साथीत माळावर ठेवायला काही उरत नाही. ट्रॅक्टर आला तसे दावणीचे बैलही कमी होत चालले. आणि गिधाड एका दिवसात कित्येक तालुके ओलांडतं. खोरीपाड्याने शंभर टक्के चोख काम केलं, तरी हद्दीपलीकडच्या एखाद्या गोठ्यातली चुकीची सुई पुरते. गावाने माळ सांभाळला, पण औषधाच्या दुकानावर नजर ठेवणं गावाच्या हातात नाही. ते काम अन्न व औषध प्रशासनाचं आहे आणि ते दुकानात जाऊनच करावं लागेल.

(दृश्य : पशुवैद्यक कुपी हातात धरून पशुपालकाला लेबल दाखवतोय.)

तुमच्या गोठ्यात पुढच्या वेळी सुई लागेल तेव्हा कुपीवरचं नाव वाचा, नाहीतर वाचून घ्या. मेलोक्सिकॅम मागा. जनावर आजारी असेल तर पशुसंवर्धन विभागाचा फिरता दवाखाना १९६२ वर बोलावता येतो. गिधाड जखमी पडलेलं दिसलं तर वनविभागाचा क्रमांक १९२६. दोन्ही फोन मोफत. आकडे तेच आहेत, शेवटच्या दोघांनी जागा बदलल्यात. चुकून उलटा लागला, तर दुसरा लावा.