झोपाळा परत टांगला

नमस्कार, श्रोतेहो. २०१९ चा महापूर सांगलीकरांना वेगळा सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णामाई त्या ऑगस्टात ५७ फुटांवर गेली. गावभागातल्या आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. गाळ उपसला, भिंती खरवडल्या आणि म्हटलं, आता सगळं नवंच करू. कोनाडे बुजवले, पीओपीचं छत केलं, पांढरेशुभ्र एलईडी लावले. ओल पुरती वाळायच्या आत प्लॅस्टिक पेंट मारला, त्याचे पापुद्रे वर्षभरात सुटले, ते सोडा.

घर चकाचक झालं. आई मात्र तिथं बसेना. जेवण झालं की थेट आतल्या खोलीत. "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतंय रे," म्हणाली. मला रागच आला. एवढा पैसा ओतलेला!

पण तिचं खरं होतं. बल्बच्या खोक्यावर बघा, ६५०० के असं छापलेलं असतं. के म्हणजे केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप. आकडा मोठा, तसा उजेड निळसर. रात्री असा निळसर उजेड डोळ्यांत जात राहिला, की झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन कमी तयार होतं. २७०० किंवा ३००० के चा दिवा पिवळसर, संध्याकाळला तोच बरा. दुकानदार "पांढराच न्या, लख्ख पडतो" म्हणेल. म्हणू दे.

दुसरी चूक मोठी. टीव्हीच्या युनिटनं पूर्वेची खिडकी अर्धी झाकली होती. रॉजर उलरिच या संशोधकानं १९८४ साली पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयाच्या नोंदी मांडल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ज्यांना खाटेवरून झाडं दिसत होती, ते समोर नुसती विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले. वेदनाशामक जालीम औषधंही त्यांना कमी लागली. आमच्या खिडकीतून शेजारचा शेवगा दिसतो. युनिट हलवलं.

रंगांचं फार सांगत नाही. हिरव्यानं शांती, निळ्यानं थंडावा हे शेडकार्डावर जितकं ठाम असतं, तितकं घरात नसतं. त्यापेक्षा इंटिरिअरवाला बोलवायच्या आधी आठ दिवस नुसतं बघा, घरातलं कोण कुठं टेकतं, चहाचा कप घेऊन कोण कुठं जातं. आम्ही ते बघितलंच नव्हतं.

पुरात तरंगलेला झोपाळा गच्चीवर पडून होता. सागवानाची फळी, तिला काय होतंय! घासली, जवसाचं तेल चोळलं आणि खिडकीपाशी टांगली. एक कोनाडा परत फोडून घेतला. त्यात आता आईचा चष्मा, पोथी आणि अडकित्ता असतो. सकाळी ती तिथं मेथी निवडत बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खिडकीतून हाक मारते.

कड्या मात्र फार कुरकुरतात. परवा तेलाची बुधली घेऊन स्टुलावर चढलो, तर आई म्हणाली, "राहू दे. कुरकुरला की कळतंय, घरात कोणतरी हाय."