काळी रेघ : माहितीपटाचं निवेदन

(कागद, पेन आणि एक हात)

कागदाच्या मधोमध पेन टेकवायचं आणि गोल गोल फिरवत बाहेर यायचं, जिलबी घालतात तसं. मनगट टेबलाला टेकवायचं नाही. परीक्षा एवढीच. पहिला वळसा बरा जातो. दुसऱ्याला रेघ दातेरी होते, तिसरा दुसऱ्याला जाऊन चिकटतो. खाली तारीख आणि सही. सहीची पहिली दोन अक्षरं वाचता येतात, पुढची बारीक होत होत नुसती रेघ उरते. अक्षर असं आकसत जाणं हे पार्किन्सन्सचं, म्हणजे कंपवाताचं, जुनं लक्षण. कधी कधी हात थरथरायला लागायच्या आधीच बँक सही जुळत नाही म्हणून चेक परत पाठवते.

या फिल्ममध्ये पेशंटचे चेहरे दिसणार नाहीत. चित्रीकरण त्याच अटीवर झालंय. तेव्हा हात पाहा.

(ओपीडीची रांग, सकाळ)

बंगळुरू, होसूर रोड, निमहान्स, म्हणजे मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था. जुनं सरकारी मनोरुग्णालय आणि अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांना एकत्र करून 1974 मध्ये ही संस्था उभी राहिली. या रांगेत कन्नड, तमिळ, तेलुगू, उर्दू ऐकू येतं. बेळगावकडची मंडळी असली की मराठीही.

कागद पुढे सरकवणारी ही मुलगी कोल्हापूरकडची. एमएस्सी झाली आणि क्लिनिकल न्यूरोसायन्समध्ये पीएचडी करायला इथं आली. ती डॉक्टर नाही. गोळी बदलणं, थांबवणं तिच्या हातात नाही, ते न्यूरॉलॉजिस्टचं काम. तिनं मोजायचं. बोटं किती वेगानं उघडमीट होतात, खुर्चीतून उठायला किती सेकंद लागतात, चालताना कुठला हात हलत नाही. एका बाजूला हा माणूस, दुसऱ्या बाजूला मेंदूच्या पेशी, आणि या दोन टोकांना जोडणारा धागा रक्तात सापडतो का, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्न आहे.

(तोच हात, दोन वेळा)

आता हे दोन शॉट शेजारी शेजारी पाहा. डावीकडचा सकाळचा. रात्रीपासून औषधाची गोळी घेतलेली नाही, डॉक्टरांनी सांगून आणि पेशंटला विचारूनच. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर आपटायची आहेत. चारपाच वेळा जमतं, मग बोटं वाटेतच थबकतात. उजवीकडचा शॉट गोळीनंतरचा, तासाभराने घेतलेला. माणूस तोच, खुर्ची तीच. इथले लोक याला 'ऑफ' आणि 'ऑन' म्हणतात, पेशंटसुद्धा. 'मी आत्ता ऑफ आहे' असं आजोबा सांगतात तेव्हा कुणी हसत नाही.

त्या गोळीत लेव्होडोपा असतं. मेंदूत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं, म्हणजे हालचाल सुरळीत ठेवणारं रसायन. कोकणात ज्या खाजकुहिलीच्या शेंगांपासून पोरं चार हात लांब पळतात, तिच्या बियांत हेच द्रव्य असतं, आणि मद्रासच्या दोन संशोधकांनी ते 1937 मध्येच वेगळं काढून दाखवलं होतं. पण गोळी डोपामिनची उणीव भरून काढते, ते तयार करणाऱ्या मेंदूतल्या पेशी मरायच्या थांबत नाहीत. जेम्स पार्किन्सन यांनी या आजारावरचा निबंध छापला 1817 साली. दोनशे वर्षं उलटून गेली, तरी पेशींचं हे मरणं थांबवणारं औषध नाही.

(संमतीपत्र, चष्मा, अंगठ्याची शाई)

रक्त घेण्याआधी हा कागद. एथिक्स कमिटीचा शिक्का असलेलं संमतीपत्र, पेशंटच्या भाषेत. रक्त किती घेणार, कशासाठी, किती वर्षं ठेवणार, आणि नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारात काडीचा फरक पडणार नाही, हे सगळं तोंडी समजावून सांगायचं. घाई चालत नाही. वाचता येत नसेल तर सोबत साक्षीदार लागतो. मुळात ज्याचा हात सही करू देत नाही त्याच्याकडून सही घ्यायची, त्यामुळे या टेबलावर वेळ जातोच.

मग कंट्रोल. म्हणजे त्याच वयाचा, पण आजार नसलेला माणूस. तो आणायचा कुठून? बहुतेक वेळा तो पेशंटसोबतच आलेला असतो.

'काकू, तुमचंही थोडं रक्त घेऊ का?'

'मला कुठं काय झालंय?'

'म्हणूनच तर हवंय.'

काकू पदर सावरतात, नवऱ्याकडे एकदा बघतात आणि बाही वर करतात.

(सेंट्रिफ्यूज, ट्यूब, घड्याळ)

इथून पुढे घड्याळ महत्त्वाचं. रक्त कधी काढलं, यंत्रात कधी फिरवलं, कधी गोठवलं, प्रत्येक वेळ वहीत. यंत्र थांबल्यावर ट्यूब उजेडात धरायची. वरचा थर स्वच्छ पिवळसर दिसला पाहिजे. गुलाबी झाक दिसली की सॅम्पल बाद. त्याचं कारण असं, की ती जे प्रथिन मोजतेय ते अल्फा-सिन्युक्लिन. पार्किन्सन्समध्ये याच प्रथिनाच्या गुठळ्या मेंदूच्या पेशींत साठतात. फ्रिट्झ लेवी यांना 1912 मध्ये त्या गुठळ्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसल्या, पण त्या कशाच्या आहेत हे कळायला 1997 उजाडलं. पंचाईत अशी, की रक्तात हे प्रथिन सगळ्यात जास्त असतं ते तांबड्या पेशींत. सुई टोचताना चार पेशी फुटल्या, की आकडा फुगतो आणि आजाराचा म्हणून जो फरक दिसतो, तो प्रत्यक्षात सुईचा असतो. म्हणून गुलाबी ट्यूब दिसली, की ती काही न बोलता बाजूला ठेवते. तेवढ्यासाठी बेळगावहून आलेल्या आजोबांना पुन्हा सुई टोचायची नाही, हे तिनं स्वतःला घालून घेतलेलं बंधन आहे.

(ब्रेन बँक. वाफाळता फ्रीझर)

आणि आता ती खोली, जिच्यासाठी ही फिल्म करायची ठरली.

डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकारानं 1995 मध्ये इथं मेंदूंची बँक सुरू झाली. शवचिकित्सेनंतर, नातेवाइकांच्या परवानगीनं, मेंदू इथं येतो. ताजा मेंदू इतका मऊ असतो, की नुसता ठेवला तर स्वतःच्याच वजनानं बसतो. वजन साधारण तेराशे-चौदाशे ग्रॅम. एक अर्धा भाग कापून उणे ऐंशीच्या आसपासच्या फ्रीझरमध्ये जातो, प्रथिनं आणि आरएनए तपासण्यासाठी. उरलेला भाग फॉर्मलिनमध्ये, म्हणजे मेंदू टिकवणाऱ्या द्रावणात, ठेवायचा; तो तळाशी टेकून चपटा होऊ नये म्हणून काळजी घ्यावी लागते. अख्खा मेंदू ठेवायचा असला, तर बुडाशी असलेल्या रक्तवाहिनीखालून दोरा ओवून तो बादलीत उलटा लटकवतात. दोनतीन आठवड्यांत तो रबरासारखा घट्ट होतो. मग सुरी.

जवळून पाहा. हा मध्यमेंदूचा काप, अंगठ्याच्या पेराएवढा. दोन बाजूंना दोन काळपट रेघा दिसतात ना? सब्स्टॅन्शिया नायग्रा. इथल्या पेशींत न्यूरोमेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं आणि डोपामिन याच पेशी तयार करतात. आता शेजारचा काप, पार्किन्सन्स असलेल्या माणसाचा. रेघ जवळजवळ पुसली गेलीये. यंत्र नको, रंग नको, नुसत्या डोळ्यांना दिसतं.

पुढचं काम सावकाश चालतं. तुकडा अल्कोहोलमधून, झायलीनमधून काढून मेणात बसवायचा. मायक्रोटोमच्या पात्यावर त्याचे चारपाच मायक्रॉन जाडीचे काप पाडायचे, केस याच्या दहापट तरी जाड असतो. काप एकाला एक चिकटून फीत होऊन बाहेर येतात. ती ब्रशनं उचलून कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती गेली की काच खालून सरकवून वर घ्यायची. सुरुवातीला फीत तुटते, गुंडाळते, पंख्याच्या वाऱ्यानं उडते. म्हणून या खोलीत पंखा बंद. मग पेशी मोजणं. काळ्या किती, गुठळ्या कितींत.

'इथलेच मेंदू कशाला, परदेशातले आकडे आहेत की' असं बरेच जण म्हणतात. त्यांना 1998 मधला निमहान्सचाच एक अभ्यास दाखवावा. निरोगी भारतीय मेंदूंतल्या या काळ्या पेशी मोजल्या, तर ब्रिटनमधल्या मेंदूंपेक्षा त्या बऱ्याच कमी निघाल्या, आणि वय वाढलं तरी घटताना दिसल्या नाहीत. म्हणजे तिकडचं 'नॉर्मल' इथं लावून चालत नाही. आपलं नॉर्मल आपल्यालाच मोजायला लागतं.

(हॉस्टेल, लॅपटॉप, रात्र)

बाकीचं थोडक्यात. फेलोशिप 2023 पासून सुरुवातीला महिना 37 हजार, दोन वर्षांनी 42 हजार. हे पैसे उशिरा येतात ही देशभरच्या रिसर्च स्कॉलर्सची तक्रार. विद्यापीठांच्या नियमांत पीएचडीला कमीत कमी 3, जास्तीत जास्त 6 वर्षं. मधेच सोडून जाणारेही असतात, पण त्यांच्यापैकी कुणी कॅमेऱ्यासमोर आलं नाही.

(पुन्हा काचा, क्रमांक लिहिलेल्या)

तिचं रक्ताचं प्रकरण लिहून झालंय. पेशींचं अडलंय. ब्रेन बँकेत आजार नसलेले मेंदू येतात ते बरेचसे रस्त्यावरच्या अपघातात गेलेल्यांचे, आणि अपघातात जाणारे बहुतेक तरुण. तिला हवेत साठीच्या, सत्तरीच्या पुढचे. ज्यांना कंपवात नव्हता, विस्मरण नव्हतं, जे म्हातारे होऊन गेले, असे.

महाराष्ट्रात नेत्रदान घरोघरी माहीत आहे. देहदानाचा फॉर्मही अनेकांनी भरून ठेवलाय. पण देहदान केलं, की देह सहसा मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात जातो, मेंदू संशोधनासाठी वेगळा काढला जातोच असं नाही. त्याची इच्छा स्वतंत्र सांगावी लागते. मेंदू काढल्यानं चेहरा विद्रूप होत नाही, अंत्यदर्शनाला अडचण येत नाही. मात्र हे सगळं मृत्यूनंतर काही तासांत व्हावं लागतं, आणि तेव्हा हो किंवा नाही म्हणतात ते नातेवाईक, फॉर्मवरची सही नव्हे. त्यामुळे इच्छा असेल तर मुलांशी, सुनांशी, जावयाशी आधीच बोलून ठेवा, आणि जवळ कुठल्या संस्थेत ही सोय आहे ते त्यांनाच शोधून ठेवायला सांगा. आजार नसलेल्यांनी तर नक्कीच.