पाळीचा कागद आणि सात तारखेचा पगार

नमस्कार श्रोतेहो. पुण्याजवळच्या भोसरी औद्योगिक वसाहतीत गेली बावीस वर्षे मी एक लहान मशिनशॉप चालवतो. चोवीस माणसे, दोन पाळ्या, गुरुवारची सुट्टी आणि मोठ्या कारखान्यांसाठी केलेले जॉबवर्क, म्हणजे त्यांचे सुटे भाग बनवून देणे, एवढाच आमचा पसारा. कामाच्या ठिकाणचे मानसिक आरोग्य हा विषय काचेच्या इमारतींतल्या कंपन्यांचा आहे, असे मलाही बरीच वर्षे वाटत असे. त्यांच्याकडे मनुष्यबळ विभाग असतो, समुपदेशक असतो, वर्षातून एकदा योगासनांचे छायाचित्रही निघते. आमच्याकडे खरेदी, हिशोब, बँक आणि ड्रायव्हर आला नाही तर टेम्पोसुद्धा एकच माणूस सांभाळतो, आणि तो म्हणजे मालक.

माझे मत बदलले ते माझ्याच एका चुकीमुळे. आमच्याकडे सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या यंत्रावर, सेटिंग करणारा एक अत्यंत हुशार कारागीर होता. एका रात्रपाळीत त्याच्या हातून तीनशे बुशांचे, म्हणजे धातूच्या पोकळ नळकांड्यांचे, बोअर (आतले भोक) मोठे झाले आणि सगळा लॉट भंगारात गेला. सकाळी मी त्या बुशाचे छायाचित्र काढले आणि त्याचे नाव घालून कारखान्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. त्यावर त्याने अंगठ्याचे चिन्ह पाठवले. पुढचे दोन दिवस त्याचा खाडा पडला आणि तिसऱ्या दिवशी त्याचा चुलतभाऊ उरलेला हिशोब मागायला आला. मी त्याला निरोप पाठवून फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर बोलावले, कारण केबिनमध्ये तो बोलला नसता. बराच वेळ तो कपाकडे बघत बसला आणि मग म्हणाला, "साहेब, चूक माझीच आहे. पण तीन महिने झाले, डोळ्याला डोळा नाही. उद्या कुठली पाळी आहे हे घरी विचारतात, तेही मला सांगता येत नाही."

वडिलांच्या आजारपणाचे कर्ज आणि बाळंतपणासाठी गावी गेलेली पत्नी या त्याच्या अडचणी माझ्या हातातल्या नव्हत्या. कोणाची कधी पाळी, हे सांगणारा पाळीचा कागद मात्र माझ्या हातातला होता. माल रवाना करण्याची घाई बघून मी तो आदल्या संध्याकाळी लावत असे आणि त्यात मला कधी काही वावगे वाटले नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये कामाच्या ठिकाणच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत कामाचा बोजा, कामाचे तास आणि वरिष्ठांची वागणूक या गोष्टी आधी सुधारण्यावर आणि देखरेख करणाऱ्यांना प्रशिक्षण देण्यावर भर आहे. आता आमच्याकडे पाळ्या पंधरा दिवस आधी लागतात, आणि रिजेक्शनची, म्हणजे नापास मालाची, चर्चा जॉबकार्ड (त्या कामाच्या नोंदीचा कागद) समोर ठेवून मशिनपाशी, त्या माणसाशी एकट्याशी होते. याला पैसे लागले नाहीत. सुपरवायझरची आवाज चढवण्याची सवय मोडायला मात्र सहा महिने लागले, आणि माझी स्वतःची मोडायला त्याहून जास्त.

मालकाच्या मनाबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? कायद्याने पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा असतो. पण माल पोहोचून तीन-तीन महिने बिल निघत नाही, तेव्हा त्या तारखेच्या आधीचे चार दिवस मालक घरात आणि कारखान्यात कसा वागतो, हे त्याच्या बायकोला विचारावे. हा ताण वरून खाली उतरत जातो आणि शेवटी झाडू मारणाऱ्या मावशींवर येऊन थांबतो. सूक्ष्म आणि लघुउद्योगांची देणी लेखी करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवली पाहिजेत, आणि उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने ठरवलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे लागते, असे 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा सांगतो. दाद मागण्यासाठी 'समाधान' हे सरकारी पोर्टल आहे. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने आपल्यातले पुष्कळ जण तिकडे जात नाहीत, आणि ती भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण निदान उद्योजक संघटनेच्या बैठकीत तरी ही गोष्ट उघडपणे बोलली पाहिजे. पगार दोन दिवस लांबणार असेल, तर तो लांबल्यावर तोंड चुकवण्यापेक्षा आधीच सगळ्यांना बोलावून नवी तारीख सांगावी, एवढे तर आपल्या हातात आहेच.

मालकाने डॉक्टर होऊ नये. एरवी नीटनेटका माणूस विसरू लागला, डबा न उघडता परत नेऊ लागला, कारण नसताना खाडे करू लागला, तर "काय झालंय रे?" एवढे विचारावे आणि पुढे गप्प बसून ऐकावे. 'टेलि-मानस' ही सरकारची मोफत दूरध्वनी सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक 14416 असून तेथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आम्ही हजेरीच्या यंत्राशेजारी लावला आहे. मालकांनी तो स्वतःसाठीही लिहून ठेवावा. राज्य कामगार विम्याखालील (ईएसआय) कामगाराला अटी पूर्ण होत असतील तर वर्षात 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के आजारपणाचा लाभ मिळतो, आणि आजार मनाचा आहे म्हणून आरोग्य विमा कंपनीला भेद करता येत नाही, असे 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा सांगतो. आजाराचे नाव मात्र रुग्णाच्या परवानगीशिवाय कारखान्यात कोणालाही कळता कामा नये. चोवीस माणसांच्या जागेत ते गुप्त ठेवणे सर्वांत अवघड असते, हे मी अनुभवाने सांगतो.

आमचा तो कारागीर उपचार घेऊन सात आठवड्यांनी परत आला. डॉक्टरांच्या सल्ल्याने पहिला महिना त्याला फक्त दिवसपाळी दिली आणि सेटिंगऐवजी तपासणीच्या टेबलावर बसवले. पहिल्याच आठवड्यात त्याने दुसऱ्याच्या लॉटमधले बिघडलेले बोअर गेजने, म्हणजे माप तपासण्याच्या साधनाने, पकडले, आणि त्या मुलाला हाताने खूण करून शांतपणे टेबलापाशी बोलावून घेतले.