मान्यता दिली म्हणजे राजदूत पाठवला? नाही हो!

नमस्कार मंडळी! नवा देश स्वतंत्र झाला की तिथे पहिला राजदूत जातो कसा, हे इतक्या जणांनी विचारलंय की आज तेवढंच घेऊन बसलेय.

पायऱ्या पटापट सांगते, त्यात फार काही नाही. दोन्ही सरकारांनी संबंध ठेवायचं ठरवायचं. मग नाव गुपचूप कळवायचं, समोरच्याने होकार द्यायचा. नकार दिला तर कारण सांगायचं बंधन नाही, राजनैतिक संबंधांवरच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारात तसं सरळ लिहिलंय. होकार आला की राजदूत जातो, आपल्या राष्ट्रप्रमुखाच्या सहीचं परिचयपत्र तिथल्या राष्ट्रप्रमुखाच्या हातात देतो, फोटो निघतो. झालं.

आता माझं डोकं फिरतं ते इथे. "अमुक देशाने मान्यता दिली, म्हणजे राजदूत आलाच की!" अहो, नाही! मान्यता वेगळी, संबंध वेगळे, राजदूत वेगळा. शेजारी नवं बिऱ्हाड आलंय हे मान्य करणं आणि त्यांच्याकडे चहाला जाणं यात काही फरक आहे की नाही?

इस्रायल घ्या. देश झाला १९४८ ला. भारताने मान्यता दिली १७ सप्टेंबर १९५० ला. आणि पूर्ण राजनैतिक संबंध कधी? जानेवारी १९९२! मधल्या काळात, १९५३ पासून, मुंबईत त्यांचा वाणिज्य दूतावास (व्हिसा, व्यापार अशी कामं बघणारं कार्यालय) होता, पण दिल्लीत राजदूत नाही. माझा मामेभाऊ स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सराव पेपरात त्याने १९५० वर खूण केली आणि वर माझ्याशीच वाद घातला, "मान्यता दिली ना, मग?" तेच "मग?" तुमच्या कमेंट्समध्येही दिसतं, म्हणून एवढी चिडचिड.

बरं, उलट बाजूने बघा. भारत स्वतंत्र झाला १५ ऑगस्ट १९४७ ला. अमेरिकेचे पहिले राजदूत हेन्री ग्रेडी यांनी परिचयपत्र दिलं १ जुलैला! आपले आसफ अली तर त्याआधीच वॉशिंग्टनला पोचले होते. सप्टेंबर १९४६ पासून नेहरूंचं हंगामी सरकार होतं, त्याच्या जिवावर हे जमलं. म्हणजे देश अजून स्वतंत्र व्हायचाय आणि राजदूत हजर. कळतंय ना, या तारखा एकमेकींना बांधलेल्या नसतात?

अजूनही पटलं नसेल तर बांगलादेश. भारताने मान्यता दिली ६ डिसेंबर १९७१ ला, युद्ध चालू असताना. त्यांचं सरकार तेव्हा कलकत्त्यातून कारभार करत होतं, ढाका पाकिस्तानी फौजेच्या ताब्यात. राजदूत पाठवणार कुठे? आपले पहिले प्रतिनिधी सुबिमल दत्त ढाक्याला गेले ते १९७२ मध्ये.

हां, एकाने विचारलंय, "ताई, फाळणीनंतर पाकिस्तानात आपला राजदूत का नव्हता?" प्रश्न आवडला. १९४७ मध्ये दोन्ही देशांचा राष्ट्रप्रमुख एकच, राजा सहावा जॉर्ज. राजाने स्वतःलाच पत्र लिहून "माझा माणूस पाठवतोय" असं कळवायचं का? म्हणून राष्ट्रकुलातले देश एकमेकांकडे उच्चायुक्त पाठवतात. आपण प्रजासत्ताक झालो तरी ती पद्धत राहिली. कराचीत पहिले उच्चायुक्त होते श्रीप्रकाश, जे पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. "राजदूतांचं काम म्हणजे पार्ट्या" असं लिहिणाऱ्या दादांसाठी सांगते: त्या माणसासमोर सिंधमधून निघू पाहणारी हजारो कुटुंबं होती. पार्टीला वेळ कुठून काढायचा?

शेवटचा प्रश्न, कोऱ्या पाटीवर दूतावास उभा करतात कसा? शहाणे देश आधीच पाय रोवून ठेवतात. दक्षिण सुदान स्वतंत्र झाला ९ जुलै २०११ ला, पण जुबामध्ये भारताचा वाणिज्य दूतावास २००७ पासून होता. कुठल्या मंत्र्याकडे कुठलं काम, कोणाला फोन लावायचा, हे आधीच ठाऊक. पुढे त्याचाच दूतावास झाला.

तुम्हाला कुठल्या देशाबद्दल हवंय ते खाली लिहा. पण मान्यतेची तारीख वेगळी आणि पहिल्या राजदूताची वेगळी. दोन्हींपुढे एकच तारीख टाकलेली दिसली, तर मी उत्तर देणार नाही, आधीच सांगून ठेवते!