घोड्याचं तोंड उघडून बघा

नमस्कार श्रोतेहो.

येवल्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी चाल बघतं, मग अंगावरचे भोवरे, आणि मग ओठ वर करून दात. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून कायमचे आलेले असतात. पुढचं वय झिजेवरून ताडायचं. सौदा होतो, घोडा घरी येतो, आणि त्यानंतर त्याचं तोंड कुणी उघडत नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणून मला आज तेवढंच बोलायचंय.

पंचवटीत वरातीची एक घोडी आहे. मालक म्हणाले, "डॉक्टर, हट्टी झालीय बघा. लगाम चढवताना मान झटकते, डावीकडं वळतच नाही." तिच्या पायाशी ओल्या चाऱ्याचे आवळ्याएवढे गोळे पडले होते, चघळून टाकून दिलेले. लिदीत अख्खे हरभरे. चणे आहेत तर दात नाहीत म्हणतात, तसं झालं होतं. तोबरा भरलेला आणि बरगड्या मोजून घ्याव्यात.

गुंगीचं इंजेक्शन दिलं, तोंड उघडं धरणारी चौकट बसवली आणि बॅटरी मारली. डावीकडच्या वरच्या दाढांच्या कडा विळीच्या पात्यासारख्या झाल्या होत्या. गालाला आतून रुपयाएवढी जखम. लगाम ओढला की गाल त्या कडांवर दाबला जायचा. ती हट्टी नव्हती, तिला दुखत होतं. आपण तिला चाबूक दाखवला म्हणून मालकांचे डोळे भरून आले. मलाही लागलं, कारण उन्हाळ्यात ती खंगतेय म्हणून आणली होती तेव्हा मीच जंताचं औषध देऊन परत पाठवली होती. तोंड बघितलं नव्हतं.

हे होतं कसं? घोड्याची दाढ हिरडीतून जन्मभर वर सरकत राहते, वर्षाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर, आणि तेवढीच चावण्यानं झिजते. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो. म्हणून वरच्या दाढांची गालाकडची आणि खालच्यांची जिभेकडची कड घासली जात नाही, तिला धार येते. रानात दिवसभर चरणारा घोडा जबडा आडवा फिरवत गवत दळतो, झीज बरी होते. आपला घोडा खुंट्याला बांधलेला. भरडा, चणे, कडब्याची कुट्टी खाताना जबडा तेवढा आडवा फिरत नाही, मग धार लवकर चढते.

उपाय म्हणजे लांब दांड्याची कानस. दाढांच्या त्या टोकांना नस नसते, त्यामुळे नेमकं घासलं तर दुखत नाही. पण गरजेपुरतंच. हाडात साठलेली दाढ घोड्याला आयुष्यभर पुरवायची असते, उगाच घासलेली परत येत नाही. छिन्नी-हातोडा घेऊन कुणी आला तर त्याला दारातूनच परत लावा. तरुण घोड्याची टाळू फुगली म्हणून डागतात, तेही कृपा करून थांबवा. दात बदलताना टाळू फुगतेच. डागणं म्हणजे नुसता छळ.

तोंडात हात घालू नका, बोट जाईल. बाहेरून गालावर, दाढांच्या रेषेत बोटं हलकी दाबा. घोडा दचकतो का बघा. तोंडाला घाण वास, मान तिरकी करून चावणं, लिदीत लांब काड्या, ही लक्षणं ओळखा. एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल तर सर्दी समजून बसू नका. वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला की तो तिथून वाहतो. नीट न चावलेल्या चाऱ्यानं पोटशूळही उठतो, आणि घोड्याचा पोटशूळ जिवावर बेततो.

वर्षातून एकदा तपासणी हवीच. अडीच ते पाच वर्षांच्या आणि म्हाताऱ्या घोड्यांची दोनदा. वरातीचा घोडा असेल तर तुळशीच्या लग्नाआधी उरकून घ्या. एकदा तिथी सुरू झाल्या की त्याला एक दिवस मोकळा मिळत नाही.

त्या घोडीला जखम भरेपर्यंत लगाम लावला नाही, भिजवलेला कोंडा आणि कोवळा लसूणघास दिला. परवा गेलो होतो. पायाशी एकही गोळा नव्हता. मालकांनी तबेल्याच्या दारावर खडूनं पुढच्या तपासणीचा महिना लिहून ठेवलाय.

नमस्कार.