इझाबेलाची कुत्री

नमस्कार मंडळी! आज प्रेमाबद्दल बोलूया, पण गोडगोड प्रेमाबद्दल नाही, वाट लावणाऱ्या. एमिली ब्रॉन्टीची 'वदरिंग हाइट्स' काहींनी वाचली असेल, नसेल तर दिलीपकुमारचा 'दिल दिया दर्द लिया' तरी पाहिला असेल, १९६६ चा, तो याच गोष्टीवर बेतलेला. कादंबरी १८४७ ची, इंग्लंडातल्या यॉर्कशायरच्या वारा सुटलेल्या माळरानावरची.

आता हीथक्लिफ, म्हणजे या कादंबरीचा नायक, म्हटलं की लोकांना काय आठवतं, तर त्याची प्रेयसी कॅथरीन म्हणते ना की मीच हीथक्लिफ आहे, ते, किंवा ती गेल्यावर तो म्हणतो भूत होऊन माझ्या मानगुटीवर बस पण मला एकटं सोडू नकोस, ते. कॉलेजात असताना मी पण यावर फिदा होते, खोटं कशाला बोलू. परवा परत वाचायला घेतली आणि इझाबेलापाशी येऊन अडकले.

इझाबेला म्हणजे कॅथरीनची नणंद, कॅथरीन हीथक्लिफला सोडून ज्याच्याशी लग्न करते त्याची बहीण, अठरा वर्षांची, खात्यापित्या घरची. ती हीथक्लिफच्या प्रेमात पडते. खुद्द कॅथरीन तिला सांगते, अगं तो लांडगा आहे, चिमणीच्या अंड्यासारखं चिरडेल तुला. हिला वाटतं, जळतेय! मग पळून जायची रात्र. घराबाहेर पडल्या पडल्या हीथक्लिफ काय करतो, तर हिचीच लाडकी कुत्री, फॅनी, तिला रुमालाने बांधून बागेतल्या भिंतीवरच्या लगाम अडकवायच्या हुकाला टांगतो. नेली नावाची कामवाली नंतर तिथून जाते, ती सोडवते म्हणून बिचारी वाचते. इझाबेलाने गयावया केली तर हा म्हणतो, तुझी सगळी माणसं अशीच लटकवावीशी वाटतात, एक सोडून. ही बहुतेक समजली की ते एक माणूस म्हणजे आपणच. आणि गेली की हो त्याच्याबरोबर!

हे सगळं नेलीला नंतर कोण सांगतं, तर हीथक्लिफच, हसत हसत, बायको समोर बसलेली असताना. मला कादंबरीतला हिरो समजली म्हणतो. म्हणजे बघा, त्याला हिरो समजू नका हे लेखिकेने त्याच्याच तोंडून सांगून ठेवलंय आणि आपण पावणेदोनशे वर्षं तेच करतोय. वर म्हणतो, मी कायद्यात राहूनच वागतोय, हिला वेगळं व्हायचा हक्क मागता येईल असं काहीच केलेलं नाही. खरंच होतं ते! जोडीदाराला सतत धाकात आणि कह्यात ठेवणं हा इंग्लंडात स्वतंत्र गुन्हा झाला तो २०१५ मध्ये, पाच वर्षांपर्यंत कैद. आपल्याकडे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मानसिक छळ आहे, पण पासवर्ड दे, लोकेशन ऑन ठेव, त्या मैत्रिणीशी बोलू नकोस, हे ज्या पोरीला प्रेमच वाटतंय ती कायद्यापर्यंत जाणार कशाला? तिच्या मैत्रिणी पण म्हणतात, किती पझेसिव्ह आहे गं, सो क्यूट.

इझाबेला सुटते मात्र. बर्फातून पळत, पातळ सपाता घालून, कानाखाली सुरीची जखम, अशी ती जुन्या घरी नेलीसमोर येते. बोटातली अंगठी काढून जमिनीवर आपटते, ठेचते, आणि उचलून शेकोटीत टाकते. मग घाईघाईत चहा पिते, नेलीचा मुका घेते आणि फॅनीला बरोबर घेऊन गाडीत बसून निघून जाते.